नवागताचे पहिले काम

(ऐरोली, नवी मुंबई येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या ऐरोलीत आपण आज जमलो आहोत, ते मूळचे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नव्या नगराची आखणी झाली, १९९९ मध्ये मुलुंड-ऐरोली पूल वाहतुकीस खुला झाला आणि पाहता पाहता या परिसरात संगणक उद्योगाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. दररोज सकाळी हजारो तरुण-तरुणी लोकलमधून येथे उतरतात आणि दिवसभर संगणकप्रणाली, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो ते, लिहिण्यात, तपासण्यात व दुरुस्त करण्यात घालवतात. त्यांना त्याचा पगार मिळतो आणि तो मिळावयासही हवा.

परंतु आज मला बोलावयाचे आहे ते पगाराशिवाय तयार होणाऱ्या संगणकप्रणालीविषयी आणि ती तयार करणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाविषयी. मी कला शाखेचा पदवीधर आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे. तेव्हा मी सांगेन ते तंत्रज्ञाच्या भूमिकेतून नसून कार्यशाळा भरविणाऱ्या आणि त्यात एकदा साफ फसलेल्या माणसाच्या भूमिकेतून असेल.

श्रमदानाची नवी क्षेत्रे

श्रमदान ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. गावाने एकत्र येऊन रस्ता बांधावा, बंधारा घालावा, शाळेची भिंत उभारावी, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत. संगणकाच्या क्षेत्रातही असेच श्रमदान चालते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशा मुक्त संगणकप्रणालीचा उपक्रम जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉर्वाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. फायरफॉक्स हा न्याहाळक, लिबरऑफिस हा कार्यालयीन कामाचा संच, विकिपीडिया ज्यावर चालतो ती मीडियाविकी ही प्रणाली, ही सारी याच परंपरेतील कामे होत. या प्रणाली घडविणाऱ्यांत काही पगारी माणसे जरूर आहेत. तथापि त्या आपल्या भाषेत आणण्याचे काम बव्हंशी स्वयंसेवकांच्या खांद्यावर आहे.

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच झाला. त्यात लेख लिहिणारे जसे स्वयंसेवक आहेत, तसेच पडद्यावरील प्रत्येक कळ, प्रत्येक सूचना व प्रत्येक इशारा मराठीत आणणारेही स्वयंसेवकच आहेत. त्यांनी शब्दही किती नेमके निवडले आहेत पाहा. नवशिक्याने सराव करावयाच्या पानास त्यांनी 'धूळपाटी' म्हटले आणि सर्वांनी मिळून विचारविनिमय करावयाच्या जागेस 'चावडी'. धूळपाटीवर अक्षर गिरवलेल्या आजोबांना आणि चावडीवर बसणाऱ्या सदस्यांना हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

हे काम कोणासाठी आहे, याचाही विचार करावा. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. हा आनंदाचाच विषय होय. पण खेड्यातील एखादी भगिनी संगणकासमोर बसते आणि 'तुम्ही केलेले बदल जतन झाले नाहीत' हा इशारा तिला परक्या भाषेत दिसतो, तेव्हा तिचे तासाभराचे काम वाया जाते. भाषेचा मान ताम्रपटात जसा असतो, तसा तो या एका ओळीतही असतो. ती ओळ मराठीत आणणारी माणसे फार थोडी आहेत. त्यांची संख्या वाढविण्यासाठीच नवागतांच्या कार्यशाळा घेतल्या जातात.

माझ्या हातून झालेली चूक

२०२१ साली, टाळेबंदीच्या दिवसांत, काही मित्रांच्या साहाय्याने मी मोकळ्या वेळात अशीच एक ऑनलाइन कार्यशाळा योजिली. विषय होता संगणकप्रणालीचे मराठीकरण. चाळीसएक जणांनी नावे दिली. मला धन्यता वाटली. ठरल्या दिवशी मी मुक्त संगणकप्रणालीचा इतिहास सांगितला, तत्त्वज्ञान सांगितले, परवान्यांचे प्रकार सांगितले. अडीच तास मी एकटाच बोलत होतो. श्रोत्यांचे ध्वनिक्षेपक मीच बंद करून ठेवले होते. मधून मधून कोणाचे तरी जाळे तुटे, कोणी निघून जाई, कोणी पुन्हा येई. अखेरीस मी प्रश्न विचारण्यास सांगितले. पुष्कळ वेळ कोणी बोलेना. मग एका जिल्हा परिषद शाळेतील बाईंनी विचारले, "साहेब, तुम्ही सांगितलं ते सगळं पटलं. पण मी आता नेमकं काय करू?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या बाई मोबाइलवरून सहभागी झाल्या होत्या. त्यांचे खाते उघडलेले नव्हते, टंकलेखनाची सोय त्यांनी करून घेतलेली नव्हती आणि भाषांतर करावयाचे कोठे, हे मी पडद्यावर केवळ झरझर दाखविले होते. "मी दुवा पाठवतो," असे सांगून मी वेळ मारून नेली. त्या चाळीसपैकी एकानेही पुढे एकही ओळ भाषांतरित केली नाही. उपस्थितीचा तक्ता मात्र भरलेला होता आणि माझ्या अहवालात कार्यशाळा यशस्वी ठरली होती.

बाईंचा तो प्रश्न मी विसरलेलो नाही. नंतर माझ्या ध्यानात आले की, कार्यशाळेची सारी आखणी त्या एका प्रश्नाभोवतीच व्हावयास हवी. नवागताने त्या दिवशी स्वतःच्या हाताने कोणते एक खरे काम पूर्ण करावयाचे, हे आधी ठरवावे. बाकीचे सर्व त्याच्या मागाहून यावे.

पहिले काम कसे निवडावे

पहिले काम लहान असावे, पण खोटे नसावे. सरावासाठी धूळपाटी अवश्य वापरावी. परंतु नवागत उठून जाईल तेव्हा त्याने केलेली एक तरी गोष्ट प्रत्यक्ष उपयोगात येणारी असावी. मराठीकरणाच्या कामात हे सहज साधते. प्रणालीतील मजकूर सुट्या सुट्या संदेशांत विभागलेला असतो. एक संदेश म्हणजे कधी एक शब्द, तर कधी दोन ओळी. एका नवागताने तीन संदेश भाषांतरित केले तरी ते तीन संदेश कामी येतात.

मात्र या लहान कामातही खाचखळगे आहेत आणि ते आधी दाखविणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य होय. एक उदाहरण देतो. मीडियाविकीच्या संदेशांत पुष्कळदा डॉलरचे चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी एकचा आकडा दिसतो. ती रिकामी जागा असते. प्रणाली तेथे ऐन वेळी एखादे नाव किंवा संख्या भरते. मराठीची आस्था असलेला नवागत उत्साहाने तो आकडाही देवनागरी करून टाकतो आणि रिकामी जागा मोडते. चूक अज्ञानाची नसते, प्रेमाची असते. म्हणून ती रागावून सांगू नये, आधीच दाखवून ठेवावी. तीच गोष्ट वचनाची आणि लिंगाची. 'एक संपादन' पण 'दोन संपादने'. 'तो आला' पण 'ती आली'. इंग्रजीत क्रियापद लिंगानुसार बदलत नाही, मराठीत बदलते. मीडियाविकीत यासाठी सोय केलेली आहे; ती कशी वापरावयाची हे दोन उदाहरणांत समजते. व्याकरण शिकविणाऱ्या शिक्षकांस तर ते आमच्यापेक्षा लवकर समजते, हा माझा अनुभव आहे.

ज्यांना भाषांतराची गोडी नाही त्यांच्यासाठी दुसरे उत्तम पहिले काम म्हणजे दोषाची नोंद. आपण काय केले, काय घडले आणि काय घडावयास हवे होते, या तीन गोष्टी क्रमाने लिहिल्या की चांगली नोंद होते. ग्रामपंचायतीकडे येणारा तक्रारअर्ज असा लिहिलेला असता तर आपले किती श्रम वाचले असते, याची कल्पना सदस्यांना असेलच.

२०२० साली विकिमीडियाच्या तांत्रिक स्वयंसेवकांनी भारतीय भाषांतील विकींसाठी ऑनलाइन कार्यशाळांची एक मालिका घेतली. दोष कसा नोंदवावा, लहानसहान साहाय्यक आज्ञावली कशा लिहाव्यात, असे तिचे विषय होते. आणि ते ठरविण्याआधी तुम्हांस काय शिकावयाचे आहे, अशी विचारणा भाषाभाषांतील कार्यकर्त्यांकडे करण्यात आली होती. विषय शिकणाऱ्यास विचारून ठरवावा, हा त्यातील धडा आपल्या सर्व प्रशिक्षणांस लागू आहे.

कार्यशाळेपूर्वीची तयारी

ऑनलाइन कार्यशाळेचे निम्मे यश आदल्या आठवड्यात ठरते. तीन गोष्टी तेव्हाच उरकून घ्याव्यात.

पहिली गोष्ट खात्याची. विकिपीडियावर एकाच जाळ्याच्या पत्त्यावरून एका दिवसात सर्वसाधारणपणे सहाच नवी खाती उघडता येतात. शाळेच्या संगणककक्षात तीस शिक्षक एकाच जोडणीवर बसले की सातव्या शिक्षकाचे खाते उघडत नाही आणि सर्वांचा विरस होतो. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावरही अनेक ग्राहकांस एकच पत्ता वाट्यास येऊ शकतो, हे लक्षात ठेवावे. यास्तव खाती चार दिवस आधी घरूनच उघडून घ्यावीत किंवा मर्यादा तात्पुरती शिथिल करण्याची विनंती वेळेवर करावी.

दुसरी गोष्ट टंकलेखनाची. प्रत्येक नवागताकडून आधी एक ओळ टंकलिखित करून मागवावी. मी 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द लिहून मागवतो. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ज्यास हे दोन्ही शब्द वेगळे लिहिता आले, त्याची कळपाटाची सोय नीट आहे असे समजावे. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान घेऊन आले. जुन्या यंत्रावर ते चौकोन होऊन दिसू शकते. अशा अडचणी कार्यशाळेच्या दिवशी उघड झाल्या की अर्धा तास एकाच माणसाच्या यंत्रात जातो आणि बाकीचे पेंगू लागतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि तिचाच सर्वांस विसर पडतो. ती म्हणजे तपासनीसाची. फायरफॉक्ससारख्या प्रकल्पात नवागताने केलेले भाषांतर लगेच लागू होत नाही. ते सूचना म्हणून नोंदले जाते आणि अधिकार असलेल्या जुन्या अनुवादकाने मान्य केल्यावर स्वीकारले जाते. दर्जा राखण्यासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण तीस नवागतांनी एका सायंकाळी शेकडो सूचना नोंदवल्या आणि तपासणारा एकच माणूस, तोही दिवसभराच्या नोकरीनंतर बसणारा, असेल तर त्या सूचना पडून राहतात. नवागत आठ दिवस वाट पाहतो, काहीच घडत नाही, आणि तो मुकाट्याने निघून जातो. राजीनामा देत नाही, तक्रार करीत नाही. म्हणून माझे सांगणे असे की, पाहुण्यांना निमंत्रण धाडण्यापूर्वी जसे आपण घरात धान्य पाहतो, तसे नवागतांस बोलाविण्यापूर्वी तपासनीसाचा वेळ मागून घ्यावा. त्याच्या हाताला जितके काम झेपेल तितकेच नवागत बोलवावेत.

प्रत्यक्ष कार्यशाळा

समोरासमोरच्या वर्गात शिक्षकास चेहरे दिसतात. कोण अडला आहे हे कपाळाच्या आठीवरून कळते. ऑनलाइन वर्गात ही आठी दिसत नाही. त्यामुळे तिच्या जागी दुसरी व्यवस्था करावी लागते. माझ्या मते एका गटात बारा-पंधराहून अधिक नवागत असू नयेत. बोलणारा एक आणि अडलेल्यास हात देणारे दोन, असे तिघे संयोजक असावेत. बोलणाऱ्याने दहा मिनिटे दाखवावे आणि पुढील पंधरा मिनिटे गप्प राहावे. ही शांतता संयोजकास फार जड जाते, पण शिकणे त्या शांततेतच होते. दीड तासाहून अधिक वेळ घेऊ नये. उरलेले दुसऱ्या दिवशी घ्यावे.

या बाबतीत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, पवई येथे झालेले काम मार्गदर्शक आहे. तेथील प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली, केंद्र शासनाच्या अर्थसाहाय्याने, 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. मुक्त संगणकप्रणाली शिकविणारे सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ, आणि त्यांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांतील ध्वनिमुद्रण, असे त्याचे स्वरूप आहे. पडद्याच्या एका भागात पाठ चालू ठेवावयाचा, दुसऱ्या भागात प्रणाली उघडावयाची आणि पाठ थांबवत थांबवत स्वतः करून पाहावयाचे, ही त्याची रीत. शिकणारा आपल्या गतीने जातो. मागे पडल्याची लाज त्यास वाटत नाही. वर्ग चालविणारा त्या विषयातील तज्ज्ञ असलाच पाहिजे असेही नाही. पाठ उतरवून घेतले की जाळे नसलेल्या गावीही ते चालविता येतात.

त्यांच्या कार्यपद्धतीतील एक नियम मला विशेष मोलाचा वाटतो. पाठाची संहिता लिहून झाली की ती नवशिक्याकडून तपासून घेतली जाते. ज्यास विषय मुळीच ठाऊक नाही असा माणूस संहिता वाचून त्याप्रमाणे करून पाहतो आणि जेथे अडतो तेथे संहिता सुधारली जाते; नवशिक्यास दोष दिला जात नाही. आपल्या कार्यालयांतून निघणारी परिपत्रके जर याप्रमाणे एखाद्या त्रयस्थ ग्रामस्थाकडून तपासून घेतली, तर काय बहार होईल! हे मी माहिती खात्याचा माणूस म्हणून आत्मपरीक्षणाच्या वृत्तीने बोलतो आहे.

शब्दांविषयीही एक सूचना करावीशी वाटते. कार्यशाळेत परिभाषेवरून वाद हमखास निघतात. 'अपलोड' म्हणावे की 'चढवणे', 'सेव्ह' म्हणावे की 'जतन करणे', यावर तास जातो. महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापिले, १९६२ मध्ये 'पदनाम कोश' निघाला. त्या वेळी त्याची पुष्कळ थट्टा झाली; पण त्यातील कितीतरी शब्द आज आपल्या दारावरील पाट्यांवर विनासायास बसले आहेत. शब्द वापराने रुळतो. यास्तव नवागताच्या हाती पंचवीस-तीस नेहमीच्या शब्दांची एक यादी आधीच द्यावी आणि वाद चावडीसाठी राखून ठेवावा.

पहिला आठवडा

कार्यशाळा संपते तेथे खरे काम सुरू होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नवागतास त्याच्या नावाने दोन ओळी लिहाव्यात. त्याने केलेल्या कामातील कोणता भाग स्वीकारला गेला, कोणता बदलला आणि का, हे कळवावे. चौथ्या दिवशी पुढचे लहान काम सुचवावे. सातव्या दिवशी अर्धा तास केवळ शंकांसाठी सर्वांनी पुन्हा भेटावे. एवढेच.

दुसऱ्या खेपेस मी याप्रमाणे अवघ्या अकरा जणांची कार्यशाळा घेतली. त्यातील चार जण महिन्यानंतरही काम करीत होते. अकरा हा आकडा अहवालात शोभून दिसत नाही, हे मला मान्य आहे. पण चाळीसांतून शून्य आणि अकरांतून चार, यांतील मोठा आकडा कोणता, हे आपणच ठरवावे.

ज्या बाईंनी मला तो प्रश्न विचारला होता, त्यांना मी या वेळी आग्रहाने बोलाविले. त्यांनी शाळेतील संगणकावरून खाते उघडले आणि त्या सायंकाळी तीन संदेश मराठीत आणले. त्यांपैकी एक तपासनीसाने बदलला आणि कारण लिहून कळविले. बाईंनी त्यास उत्तर लिहिले की, तुमचा शब्द पुस्तकी आहे, आमच्याकडे मुले असे म्हणत नाहीत. थोडी चर्चा झाली आणि बाईंचा शब्द कायम झाला. नवागत समाजाचा घटक झाला तो त्या क्षणी, असे मी मानतो.

आपणांकडून अपेक्षा

अधिकारी मित्रांस माझी विनंती आहे की, अशा कार्यशाळांस उपस्थितीचे लक्ष्य देऊ नये. स्वयंसेवा आदेशाने होत नाही. महिन्यानंतर किती जण काम करीत आहेत, हा एकच रकाना अहवालात असावा. शिक्षकांनी आपले व्याकरणाचे ज्ञान या कामी द्यावे. त्याची येथे फार निकड आहे. पंचायत सदस्यांनी ग्रामपंचायत कार्यालयातील अथवा वाचनालयातील संगणक आठवड्यातून एक सायंकाळ गावातील इच्छुक मुलामुलींस उपलब्ध करून द्यावा. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. एक किल्ली आणि एक जबाबदार माणूस पुरेसा आहे.

आणि ऐरोलीतील संगणक व्यवसायात असलेल्या तरुणांस सांगावेसे वाटते की, आपल्यापाशी जे कौशल्य आहे त्यातील आठवड्याचा एक तास तपासनीस म्हणून द्या. खाडीपलीकडच्या किंवा घाटापलीकडच्या एखाद्या शाळेतून आलेली एक ओळ तुमच्या मान्यतेची वाट पाहत असेल. ती वेळेवर पाहिलीत, तर ओळीबरोबर ती लिहिणारा माणूसही टिकेल.

भाषण संपल्यावर बाहेरच्या दालनात तीन संगणक मांडून ठेवले आहेत आणि मदतीस दोन स्वयंसेवक आहेत. ज्यांना "मी आता नेमके काय करू?" असे विचारावयाचे असेल, त्यांनी कृपया तेथे यावे. या वेळी माझ्यापाशी उत्तर आहे.